वाघ न दिसलेल्या पाहुण्याची व्यवस्था

चंद्रपूर-गडचिरोलीत घर असणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा ताडोबाची सफारी आटोपून दारात उभा राहतो. अंगावर धुळीचा थर, चेहऱ्यावर सुतक. अशा वेळी यजमानाने कसे वागावे याचे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली खबरदारी तो घरात येण्याआधीच घ्यावी. पानठेलेवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांना बजावून ठेवावे की, पाहुण्याला पाहताच "दिसला का जी?" असे विचारायचे नाही. दुसरी खबरदारी, त्याला मनसोक्त बोलू द्यावे. पाणवठ्यावर ताजे पगमार्क होते, वानराने कॉल दिला होता, गाइड म्हणाला की पाचच मिनिटांपूर्वी गेला, आणि पुढच्या जिप्सीतल्या लोकांना तर शेपूट दिसली, हे सगळे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकावे. तो मे महिन्यात आला असेल, कारण उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. ते खरेच आहे. पारा ४६-४७ अंशांवर गेल्यावर वाघ पाण्यात बसतो आणि पाहुणा उघड्या जिप्सीत, एवढाच काय तो फरक.

"आम्हाला तर परवा मूलच्या रस्त्यावरच आडवा आला," हे वाक्य खरे असले तरी उच्चारू नये. एक कारण पाहुण्याच्या दुखण्याचे. दुसरे असे की, मूल-सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या बाईला वाघ दिसला नाही, तर तिचा दिवस चांगला गेला असे मानतात. तिच्यासाठी जो वाईट दिवस, त्याची बढाई पाहुण्यासमोर मारणे बरे नव्हे.

आता उपचार. दुखणे सौम्य असेल तर तारूची गोष्ट पुरते. ताडोबा तलावाच्या काठी ज्याचे ठाणे आहे आणि ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव आले असे मानतात, तो तारू वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. पाहुण्याला शांतपणे समजवावे की वाघाची समोरासमोर भेट झालेल्या माणसाची इथे पूजा होते, आणि त्याला अजून बरीच वर्षे नोकरी करायची आहे.

मध्यम दुखण्यावर चंद्रपूरचा किल्ला. गोंड राजांच्या या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीला लोळवणारा सिंह दगडात कोरलेला आहे. जनावर मोठे, बुकिंग नको, मंगळवारची सुट्टी नाही. जटपुरा दरवाजातल्या वाहनांच्या कोंडीत गाडी घातली की निरीक्षणाला हवा तेवढा वेळ मिळतो. तिथून अंचलेश्वराजवळ जावे. राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी तिथे आहे. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली वास्तू पाहायला लोक आग्र्याला रांगा लावतात. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली इथे निवांत पाहता येते.

दुखणे जुनाट असेल, म्हणजे पाहुणा रात्री उठून इतरांनी टाकलेले वाघाचे व्हिडिओ पाहत असेल, तर गडचिरोली. या नावाने तो दचकेल आणि आईला काय सांगू म्हणेल. "चंद्रपुरातच आहे" असे सांगायला हरकत नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होती, त्यामुळे हे खोटे फार तर उशिराचे ठरते.

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा लागते. वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि काठावर कोरीव मंदिरांचा समूह आहे. "विदर्भाचे खजुराहो" हे शब्द यजमानाने तोंडातून काढू नयेत. ते ऐकले की पाहुणा विशिष्ट शिल्पेच शोधत फिरतो आणि बाकीच्या भिंती बघायच्या राहून जातात.

पुढे आलापल्ली. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरलेला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा जुन्या जंगलाचा तुकडा म्हणजे मानेचा व्यायाम आहे. पगमार्क शोधून खाली आखडलेली मान इथे सागाचा शेंडा शोधत वर जाते. अयोध्येच्या राम मंदिरासाठी सागवान याच पट्ट्यातून, बल्लारपूरच्या डेपोमार्गे गेले, हे सांगितले की पाहुणा झाडाला हात लावून पाहतो.

तिथून सिरोंचाचा शंभर किलोमीटरचा रस्ता. रस्त्याबद्दल आधी काही सांगू नये, पाठीला आपोआप कळते. सिरोंचा तालुक्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकात डायनासोर सापडले. पोचमपल्लीजवळ निघालेला बारापासॉरस १९७५ साली रवींद्रनाथ टागोरांचे नाव लावून जगापुढे आला. पाहुण्याचा चेहरा उजळेल. त्याच क्षणी सांगून टाकावे की सांगाडा कोलकात्याला आहे.

तो चिडेल. चिडू द्यावे, उपचार लागू पडत आहे. मग त्याला हिशोब समजवावा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, आणि त्या विजेवर मुंबईत त्याचा एसी चालतो. सागवान अयोध्येला. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती गुजरातला न्यायचे घाटत होते, तेव्हा लोकांनी आरडाओरड केली. आणि वाघ? २०२४ मध्ये ताडोबाच्या जमुना आणि झीनत या वाघिणी ओडिशातल्या सिमलीपालला पाठवल्या. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून बंगालात पोचली, आणि बेशुद्ध करून तिला परत आणावे लागले. तेव्हा तुला दिसला नाही यात नवल ते काय? इथली वस्तू इथे भेटेल याची हमी आम्हीसुद्धा देत नाही बाप्पा.

पाहुणा दिवाळीनंतर आलेला असेल तर वडश्याकडे नेऊन झाडीपट्टीचे नाटक दाखवावे. ते रात्री सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते, त्यामुळे पहाटेची सफारी आपसूक रद्द होते. उन्हाळ्यात हे औषध मिळत नाही.

राहता राहिली एक शक्यता. पहिल्याच फेरीत, गेटपासून हाकेच्या अंतरावर वाघ दिसणे. हा प्रकार सर्वांत गंभीर. असा पाहुणा किल्ला बघत नाही, मार्कंड्याला येत नाही, सिरोंचा कुठे आहे हेही विचारत नाही. दुपारीच बल्लारशाहची गाडी पकडतो. यजमानाला आधार एकच. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. कॅमेरा त्याने आणलेला नसतो. पुण्यात त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि महिनाभरात त्याचा फोन येतो की पुढच्या मे महिन्यात येतोय, खोली रिकामी ठेवा.