अँपियरकाका

नव्या गाडीचा पेढा हातात घेऊन ‘अभिनंदन’ म्हणायच्या आधी ‘आत काय काय बसवून घेतलंत?’ असं विचारणारे गृहस्थ तुमच्या सोसायटीत असतील, तर ते अँपियरकाका. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त, वय सत्तरीच्या अल्याड, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्ट लॅम्प आणि पँटच्या खिशात एक चपटी डबी. त्यांच्या वयाचे लोक असल्या डबीत तंबाखू बाळगतात. काकांच्या डबीत फ्यूज असतात.

सोसायटीतल्या पोरांना रंग शाळेच्या आधी काकांनी शिकवले. करडा दोनचा, जांभळा तीनचा, तपकिरी साडेसातचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. बालवाडीच्या मुलाखतीत केळ्याचं चित्र दाखवून बाईंनी ‘रंग कुठला?’ असं विचारलं, तेव्हा आमच्या विंगमधल्या एका चिमुरडीने ‘वीस’ असं उत्तर दिलं म्हणे.

दिवाळीत 302वाल्यांनी डॅशकॅम घेतला. गाडी उभी असतानाही चालू राहावा म्हणून तो थेट फ्यूजबॉक्सला जोडूनही आणला. ॲक्सेसरीवाल्या पोराने सांगितलं होतं, ‘सर, वीसचा टाकलाय. उडायचं टेन्शनच नाही.’ हे वाक्य 302वाल्यांनी पार्किंगमध्ये काकांना कौतुकाने ऐकवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘कॅमेरा कितीचा?’

‘साडेचार हजारांचा.’

‘वॅट विचारतोय.’

वॅट कुणाला ठाऊक असणार? मग काकांनी खोका मागवला. त्यावर बारीक अक्षरात 5 व्होल्ट, 2 अँपियर असं होतं. म्हणजे जास्तीत जास्त 10 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची, त्याने भागायचं. एक अँपियरसुद्धा पुरा होत नाही, 12 व्होल्टचे 5 करणाऱ्या मधल्या किटमध्ये वाया जाते ती वीज धरली तरी फार तर एक. त्याला दोनचा फ्यूज बस्स झाला, फारच लाड करायचे तर तीनचा. वीसचा टाकला म्हणजे 240 वॅटपर्यंत कुणी हूं की चूं करणार नाही, आणि वायर बघावी तर शेवईएवढी!

‘पण काका, कॅमेरा मस्त चालतोय.’

‘चालणारच. उद्या कुठे वायर सोलली आणि बॉडीला लागली, तर वायर लाल होईल, डॅशबोर्ड पेटेल आणि राखेत तुमचा पिवळा फ्यूज नवाकोरा सापडेल. फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसतो हो, वायरीसाठी असतो. आणि यातलं काही रेकॉर्डही व्हायचं नाही. कॅमेरा रस्त्याकडे बघत असेल.’

काकांचं बरोबर असतं, हीच त्यांच्याबाबतची मोठी अडचण आहे. चुकीचं बोलणारा माणूस टाळता येतो.

त्या रविवारी फ्यूजबॉक्स उघडला गेला. काका गुडघे टेकून, मान स्टिअरिंगखाली आणि पाय पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे, अशा अवस्थेत सकाळभर बोलत होते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या ईसीयूच्या फ्यूजना बोट लावायचं नाही. किल्ली फिरवल्यावर चालू होणारी वायर सॉकेटच्या फ्यूजवरून, कायम चालू राहणारी आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून. फ्यूज टॅप घेताना आकार बघायचा, मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी हे भाऊ दिसतात पण एकमेकांच्या घरात मावत नाहीत. टॅपमध्ये दोन खाचा. मूळ सर्किटचा फ्यूज त्याच्याच आकड्याचा राहणार, कॅमेऱ्याचा वेगळा. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा भारही मूळ फ्यूजच्या डोक्यावर, म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावून बॅटरीकडची बाजू शोधायची. मधूनच काका जुन्या ॲम्बॅसिडरच्या आठवणीत गेले. तिच्यात काचेच्या नळीतले फ्यूज, तेही बोटांवर मोजण्याइतके. आजचे रंगीत पातीचे फ्यूज लिटलफ्यूज या अमेरिकन कंपनीने 1970च्या दशकात आणले, हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू त्या मिटिंगला चहा यांनीच नेला होता.

वीसचा फ्यूज दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी बाहेर काढला आणि त्या जागी करडा दोनचा बसवला. पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले असते तर 302वाल्यांना पुढे काही बोलता तरी आलं असतं.

कारण फेब्रुवारीत तो दोनचा उडाला.

302वाले तोंड पाडून काकांकडे आले. काकांचा चेहरा मात्र मुलगी पाहायला आलेल्यांकडून होकार आल्यासारखा उजळला. ‘उडाला? वा! बघू, बघू.’ त्यांनी तो उजेडात धरून आतली तुटलेली तार मला, वॉचमनला आणि दूधवाल्याला दाखवली.

‘काका, आता पाचचा देता का? जरा घाई आहे. साडेबाराला भाच्याचं लग्न आहे, कर्वे रोडला.’

‘पाचचा का? आता शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं.’

साडेदहाला काचेशेजारच्या खांबाचं आवरण निघालं. पडद्याची एअरबॅग तिथेच असते, त्यामुळे हळू, फार हळू. अकराला पायपुसणी बाहेर, सव्वाअकराला डाव्या बाजूचं पॅनल. वायर आवरणाच्या क्लिपखाली चेमटली होती आणि तांबं दिसत होतं. काकांनी मला हात धरून खाली वाकवलं. ‘बघा, वीसचा असता तर?’ आता स्लीव्ह चढवायची, टेप लावायची, मग प्रत्येक क्लिप आपापल्या भोकात.

302वाल्या वहिनी पैठणी सावरत जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, नवऱ्याकडे दोनदा पाहिलं आणि मोबाइलवर रिक्षा बोलावली.

रिक्षा आली. दोघं बसले, अहेराचं पाकीट सापडलं, रिक्षावाल्याने गिअर टाकला. एवढ्यात गाडीच्या पोटातून काकांची मान बाहेर आली.

‘ओ, तुमचा मीटर कुठल्या फ्यूजवर घेतलाय?’

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. ‘तेच बघायचंय कधीचं, काका. सारखा उडतो. मी आता तार बांधलीय.’