सव्वासहा तासांची नोकरी

भाच्याला नोकरीचं पत्र आलं. बी.फार्म. झाल्यावर दीड वर्षानं आलं, म्हणून बहिणीनं ते आधी देवापुढे ठेवलं, मग फ्रिजवर आणि शेवटी माझ्यापुढे. "दादा, तू पेपरात लिहितोस. यात काही गोम तर नाही ना, बघ जरा." पत्र सहा पानांचं होतं. पहिल्या पानावर अभिनंदन आणि उरलेल्या पाच पानांवर कंपनी त्याला कधी कधी काढून टाकू शकते, त्याची कारणं.

हुद्दा ‘टेरिटरी एक्झिक्युटिव्ह’. म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरणारा माणूस. दवाखान्यांच्या पाट्यांवर अजून याला एमआरच म्हणतात, पण मुलीकडचे पाट्या वाचत नाहीत, बायोडेटा वाचतात. मुख्यालय मिरज. हे वाचून मेहुण्यांचा ऊर भरून आला. सांगलीत राहायचं, घरची भाकरी खायची आणि मिरजेत नोकरी करायची! शिवाय मिरजेत डॉक्टरांना काय तोटा? १८९४ साली वानलेस साहेबांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून आजारी पडलं की अर्धा दक्षिण महाराष्ट्र आणि पाव कर्नाटक मिरजेची गाडी पकडतो. मिरजेच्या दोन गोष्टींचं नाव आहे, तंतुवाद्यं आणि दवाखाने. पैकी तंतुवाद्यवाल्यांकडे कुणी बॅग घेऊन जात नाही.

पगाराच्या कलमाशी मात्र मी थबकलो. सीटीसी तीन लाख साठ हजार. बहिणीनं बारानं भागून महिना तीस हजार काढले आणि हप्त्यावर स्कूटी कुठली घ्यायची ते ठरवूनही टाकलं. हातात पडणार होते बावीस. मधले आठ हजार शोधायला मला चष्मा बदलावा लागला. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा होता, विमा होता, पाच वर्षं टिकलास तर मिळणारी ग्रॅच्युइटी होती आणि टार्गेट झालं तर मिळणारा इन्सेंटिव्हही होता. सीटीसी हा प्रकार लग्नाच्या जेवणासारखा असतो. बत्तीस पदार्थ म्हणून सांगतात. मोजायला गेलं की त्यात मीठ, लिंबू आणि पाणीही धरलेलं असतं.

मग घरात सल्लामसलत सुरू झाली. मेहुणे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फक्त ‘फिरतीचं काम आहे’ एवढंच ऐकलं आणि मान हलवली. "फिरती आम्हीपण केली की. पण आमची गिऱ्हाइकं आम्हाला बघून पळत यायची." पलीकडच्या काकूंनी टाय घालावा लागेल का, एवढंच विचारलं. घालावा लागेल म्हटल्यावर, "मग चांगलीच असणार," असा निर्वाळा देऊन त्या गॅस बंद करायला गेल्या.

या धंद्यातलं काही कळणारा माणूस आमच्या गल्लीत एकच. अण्णा. एकतीस वर्षं त्यांनी बॅग उचलली. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अजून बोटभर खाली आहे, आणि कुणाच्याही घरी गेले तरी आत बोलावेपर्यंत ते दारातच उभे राहतात. भाचा पत्र घेऊन त्यांच्यापुढे बसला. अण्णांनी पत्र उघडलंच नाही.

"डॉक्टर किती करायचेत रोज?"

"दहा. आणि पाच केमिस्ट."

"बरं. डॉक्टर समोर किती वेळ देतो? माझ्या काळात तीन मिनिटं द्यायचा. आता चांगल्या दिवशी दीड. दहा डॉक्टर, पंचवीस दिवस, अडीचशे कॉल. गुणिले दीड."

भाच्यानं फोन काढेपर्यंत अण्णांचा हिशोब झाला होता. पावणेचारशे मिनिटं. सव्वासहा तास. "महिन्याला सव्वासहा तासांची नोकरी आहे बाळ. उरलेला वेळ बाकड्यावर."

बावीस हजार भागिले सव्वासहा, म्हणजे तासाला साडेतीन हजारांच्या वर! बहिणीचा चेहरा उजळला. एवढा दर तर आमच्या सीएचाही नाही. बाकड्याबद्दलचं वाक्य तिनं ऐकलंच नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

अण्णा पुढं बोलत राहिले. पंचवीस तारीख उलटली की महिना कसा जात नाही, मग स्टॉकिस्टच्या पाया पडून माल कसा उतरवावा लागतो, आणि तोच माल पुढं एक्स्पायरी होऊन आपल्याच दारात कसा परत येतो. पूर्वी डॉक्टर भेटला नाही तरी चहाच्या टपरीवर बसून रिपोर्ट भरता यायचा. आता फोनमधलं अॅप आधी तू दवाखान्यासमोर उभा आहेस का ते बघतं, मगच कॉल लिहून घेतं. "देवळात न जाता प्रसाद खायचे दिवस गेले." मग २०१६ चा मार्च. सरकारनं ३४४ औषधी मिश्रणांवर एका दमात बंदी घातली. पुढं कोर्टबाजी झाली ती वेगळी, पण यादीत अण्णांच्या बॅगेतलंही एक होतं. "सकाळी साडेअकराला डॉक्टरांना मी ते रामबाण म्हणून सांगितलं होतं रे. दुसऱ्या दिवशी केमिस्टच्या फळीवरून मीच गोळा करत होतो."

"मग घेऊ का नको, अण्णा?"

"हा धंदा जगात एकटाच असा आहे," अण्णा म्हणाले, "की पैसे देणारा निवडत नाही आणि निवडणारा पैसे देत नाही. त्या दोघांच्या मध्ये उभं राहायचा पगार आहे हा. जमत असेल तर घे."

एवढ्यानं निर्णय होणार नव्हता. माझ्या बीपीची तारीख आलीच होती, म्हणून मंगळवारी मी मिरजेला गेलो. डॉक्टरांच्या दारावर पाटी होती : ‘एम. आर. भेट मंगळवार व शुक्रवार, दु. २ नंतर. एका वेळी तिघेच.’ खाली कुणीतरी पेननं ‘चपला बाहेर’ असं जोडलं होतं. ते एमआरना उद्देशून होतं की सगळ्यांना, ते कळेना. माझा नंबर चौदावा. खुर्च्या पेशंटांना, भिंत एमआरना. भिंतीला सातजण. त्यातला एक अगदी भाच्याच्या वयाचा. बॅग दोन पायांत धरून तो एका बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे पँटला घासत होता. एक बूट चकचकीत झाला, मग दुसरा. मग डोळे मिटून ओठ हलवायला लागला. आधी मला वाटलं, मारुती स्तोत्र म्हणतोय. मग ऐकू आलं, "सर, वन्स अ डे, सर."

बोलावणं आलं. मी घड्याळ लावलं. पन्नास सेकंदांत तो बाहेर. म्हणजे अण्णांचा दीड मिनिटाचा हिशोब घसघशीत धरलेला होता; बहिणीला सांगितलं तर तासाचा दर आणखी वाढेल. बाहेर येऊन तो जिन्याखाली गेला आणि फोन डोक्यावर धरून गोल फिरायला लागला. रेंज येत नव्हती, आणि अॅपच्या मते तो अजून रस्त्याच्या पलीकडे होता. दोन तास उभं राहून, सरांना प्रत्यक्ष भेटूनही कॉल झाला नव्हता! शेवटी एकदा फोन टिंग वाजला. तो माझ्याकडं बघून हसला. "काका, तुमचा नंबर चौदा ना? जा आत. सर आज मूडमध्ये आहेत."

सर खरंच मूडमध्ये होते. त्यांनी टेबलावरचं कोरं पेन उचललं आणि माझी गोळी बदलून दिली. पेनावरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव एकच होतं, हे मला केमिस्टच्या दुकानात चिठ्ठी वाचताना आठवलं. आता डॉक्टरांना बोल लावणं सोपं आहे, पण त्यांनी तरी काय करावं? एकच औषध डझनावारी कंपन्या डझनावारी नावांनी विकतात. आतली पावडर तीच. मग निवड कशावरून करायची? पेन चांगलं चालत होतं.

आणि ते पेन नियमात बसत असावं. घरी आल्यावर मी नियमच काढून वाचले. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागानं कंपन्यांसाठी संहिता काढली. इतकं सात्त्विक वाङ्मय मी अलीकडे वाचलेलं नाही. डॉक्टरांना वा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू नको, सहली नकोत. डायरी, कॅलेंडर वगैरे चालेल, पण हजार रुपयांच्या आत. सॅम्पल द्या, पण तीन पेशंटांपुरतं आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारा पाकिटंच. औषध बाजारात येऊन वर्ष झालं की त्याला ‘नवीन’ म्हणायचं नाही. मोघम ‘सुरक्षित’ही म्हणायचं नाही. (हे दोन नियम स्थळं सुचवणाऱ्या मंडळींनाही लावावेत, अशी माझी सूचना आहे.)

संहितेच्या आधी २०२२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता. सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप असं डॉक्टरांना वाटून तो खर्च धंद्याचा म्हणून आयकरातून वजा मागणाऱ्या कंपनीला कोर्टानं नाही म्हटलं. हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटच भरतो, असंही सुनावलं. म्हणजे ज्या काळात अण्णा दारात उभे होते, त्या काळात काही दारांतून फ्रिज आत जात होते. अण्णांच्या खांद्यावरची बॅग त्यामानानं हलकीच म्हणायची.

नियम मोडले तर? तक्रार जाते औषध कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे. म्हणजे सासूची कागाळी सासूच्या माहेरी. शिवाय कंपनीचा मुख्य दरवर्षी स्वतःच लिहून देतो की आम्ही नियम पाळतो. मला शाळेत प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करायची सोय असती, तर आज मी या सदरात नसतो.

पण सगळ्यात आवडलं ते एमआरबद्दलचं कलम. डॉक्टरची भेट मिळवण्यासाठी त्यानं आमिष दाखवायचं नाही, काही क्लृप्ती करायची नाही, भेटीसाठी पैसे तर मुळीच द्यायचे नाहीत. थोडक्यात, रोज दहा डॉक्टर भेटलेच पाहिजेत, पण भेटण्यासाठी काही करायचं नाही. त्यात २०२५ साली केंद्र सरकारच्या रुग्णालयांना आदेश निघाला की एमआरना आवारात घेऊ नका, औषधांची माहिती ईमेलनं मागवा. ईमेलला बूट पुसावे लागत नाहीत, हे खरं.

मी हे सगळं भाच्याला साग्रसंगीत वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, दुसरी नोकरी कुठं आहे?"

यावर संहितेत काही नव्हतं. सोमवारी सहाच्या आत उत्तर द्यायचं होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं ‘होय’ पाठवलं आणि बहीण पेढे आणायला बाहेर पडली. ती यायच्या आत भाचा माझ्या कपाटापाशी.

"मामा, तुमची बीपीची गोळी बघू."

दाखवली. त्यानं पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "मॉलिक्यूल तोच. ही आमच्याकडेपण आहे. तुम्ही डॉक्टरांना सांगून बदलून घ्याल का? पहिला महिना आहे हो."

"बाळा, मी पैसे देणारा. निवडणारा नाही. अण्णांनी सांगितलं ना?"

तो जरा विचारात पडला. पेढ्याचा पुडा आला, पहिला मला मिळाला.

"बरं मग एवढं तरी करा. पुढच्या वेळी मंगळवारचाच नंबर लावा. तुमच्याबरोबर आत येतो. मामांचं बीपी आहे, सोबत आलोय म्हणून सांगू. बॅग बाहेर ठेवतो."

मी उठून संहिता काढली आणि क्लृप्तीच्या कलमावर बोट ठेवलं. त्यानं कागद उजेडात धरून दोनदा वाचला, मागची बाजूही बघितली.

"यात मामांबद्दल काही नाही," तो म्हणाला.