श्री. सामान्यतः रहिवासी यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. सामान्यतः रहिवासी,
मु. पो. कलम २०, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०.



आपली प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण आपल्या नावावर माझं घर चालतं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि लाइट गेली की बोंब मारणारा इन्व्हर्टर. 'सर्व प्रकारचे दाखले मिळतील' अशी पाटी लावली आहे; मिळत काही नाही, अर्ज तेवढा भरून मिळतो. मतदारयादी असो, रेशनकार्ड असो की अधिवासाचा दाखला, दर अर्जात कुठं ना कुठं आपण असताच. समोर बसलेला माणूस आपल्यासारखा दिसला की काम झालं, नाही दिसला की त्रुटी निघाली.

आपलं कौतुक वाटतं हो. ज्या गावात जन्म त्याच गावात शाळा. घराला नंबर, नंबरावर घरपट्टी, घरपट्टीवर आपलंच नाव, आणि ते नाव आधारवर जसं तसंच शाळेच्या टीसीवर. लाइट बिल अजून आजोबांच्या नावानं येतंय, अशी भानगड नाही. बारा महिने आपण घरीच. माणसानं इतकं घरी बसणं आमच्या जिल्ह्याला परवडत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडं दसरा झाला की गावं ऊसतोडीला हलतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. बऱ्याचदा गेल्या वर्षीची फिटलेली नसते, तिच्यावरच ही चढते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोपीचे बांबू, ताडपत्री, पाण्याची टाकी, पिठाचे डबे, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर पोरं. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठूनही निघा. कुणी सांगली-कोल्हापूरला उतरतं, कुणी दर बरा मिळतो म्हणून आणखी पुढं, कर्नाटकात अथणी, चिकोडी, रायबाग, जमखंडीपर्यंत जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की परत. साहेब, हा एक कोयता राहतो कुठं?

आपल्या कलमात उत्तर आहे, आणि ते मला आवडतं. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं त्यात आधी म्हटलंय. पुढं म्हटलंय, तात्पुरतं बाहेर गेला म्हणून कुणाचं रहिवासीपण जातही नाही. म्हणजे घराचं कुलूप आमच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही. मत बीडमध्ये. २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं. तोवर कोयते उसाकडं निघालेले. अशा वेळी टोळी नेमकी कोणत्या शिवारात उतरली आहे हे शोधणं सोपं नसतं. उमेदवारांच्या गाड्या मात्र कर्नाटकातल्या फडावर बरोबर जाऊन उभ्या राहतात. त्यांना कसला दाखला लागत नाही.

मत झालं, आता कर. आमचे लोक कर भरत नाहीत असं पुण्या-मुंबईत बोललं जातं. आयकराचं म्हणाल तर बारा लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर आमचा अख्खा फड सुटला, आणि आयकराला तसंही तुम्ही बीडला आहात की बेळगावला याचं सोयरसुतक नाही; त्याच्या लेखी देश एकच. पण जीएसटीची गोष्ट वेगळी. त्यातला राज्याचा वाटा माल जिथं गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तिथल्या राज्याला जातो. अथणीच्या दुकानात कोयत्यानं अंगाचा साबण घेतला, पोराला बिस्किटाचा पुडा घेतला, की पाच टक्क्यांतला अर्धा हिस्सा बेंगळुरूच्या तिजोरीत. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी साबणावर अठरा टक्के होते, तेव्हा नऊ जायचे. ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा विक्रीकर तिकडंच. अंग मोडून आलेल्या गड्यानं रात्री बाटली उघडली तर तिच्यावरचं उत्पादन शुल्क तर सगळंच कर्नाटकाचं. सहा महिने हा माणूस बिनबोभाट कन्नड करदाता असतो, आणि त्या सहा महिन्यांत दुकानदारानं त्याला एकदाही विचारलेलं नाही की बाबा, तू इथला का?

विचारतात कुठं, ते सांगतो. धारूरकडच्या एक मावशी लाडक्या बहिणीचे पैसे काढायला माझ्याकडं बसल्या होत्या. अंगठा लागत नव्हता. उसाच्या पाचटानं बोटांची कातडी अशी झालेली असते की रेघ उरतच नाही. मी खोबरेल लावून पाहतो, ओल्या फडक्यानं पुसून पाहतो, मग दुसरं बोट, मग डावा हात. तेवढ्या वेळात त्यांनी ही हकीकत सांगितली. अथणीच्या बाजारला जायला त्या बसमध्ये चढल्या. सोबत त्याच फडाशेजारच्या वस्तीवरची एक बाई. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना बसप्रवास फुकट आहे. कंडक्टरनं त्या बाईचं आधार बघून शून्य रुपयाचं तिकीट फाडलं. मावशींचं आधार बघितलं, पत्ता बीड, पूर्ण तिकीट. कंडक्टरचं काही चुकलं नाही, सवलत त्या राज्यातल्या बायकांनाच आहे. मावशी म्हणाल्या, "मी म्हणलं जाऊ द्या, आपल्या एस्टीत अर्धं हाय." ते अर्धंही राज्याच्या हद्दीपुरतं. मिरजेहून एस्टीत बसलेली बाई म्हैसाळपर्यंत अर्ध्या तिकिटाची, कागवाड आलं की पूर्ण.

बरं, ज्या योजनेसाठी मावशी आल्या होत्या तिचे सुरुवातीचे दिवस आठवतात का आपल्याला? जुलै २०२४. आधी म्हणाले अधिवासाचा दाखला पाहिजे. तहसीलच्या फाटकापासून माझ्या दुकानाला वळसा घालून रांग गेली. मग म्हणाले पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल, टीसी चालेल, जन्मदाखला चालेल. परराज्यातून लग्न होऊन आलेली असेल तर नवऱ्याचे कागद चालतील. तिकडच्या बाजूची एखादी कानडी मुलगी आमच्या गावात सून म्हणून आली तर नवऱ्याच्या टीसीवर ती अधिवासी. आणि जिला अशीच योजना कर्नाटकात गृहलक्ष्मी या नावानं दोन हजारांची आहे हे तोंडपाठ आहे, कारण सहा महिने ती तिथंच ऊस तोडते, तिला पंधराशेच बरे. लोभ नको, म्हणते.

रेशनचं मात्र खरं बोललं पाहिजे. 'एक देश, एक रेशनकार्ड' आल्यापासून बीडच्या कार्डावर कर्नाटकात धान्य उचलता येतं. फक्त तिथल्या दुकानाच्या मशीनवरही अंगठाच लागतो.

आमच्या तांड्यांवर तर आपली पंचाईतच होईल. बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. सख्खे तीन भाऊ तीन राज्यांत पोटाला गेले, म्हणून काही त्यांची मुलं तीन याद्यांत जात नाहीत. राज्य बदललं की जातीचा दाखला सवलतीसाठी सोबत चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगून ठेवलंय. बोली बदलत नाही, तांड्यावरचं सेवालाल महाराजांचं देऊळ बदलत नाही, रकाना बदलतो. उलट बाजूला निपाणी-बेळगावसह सीमावादातली ८६५ गावं. राहतात कर्नाटकात, सातबारा कर्नाटकाचा, पण त्यांच्या मुलांना महाराष्ट्रातल्या प्रवेशांत सीमाभागाचे म्हणून घेतात. त्याला माझी काही हरकत नाही, घ्यावंच. मला फक्त आपली काळजी वाटते. त्या गावात आपण सामान्यतः राहता कुठल्या राज्यात?

आणि हे सगळं आहे कशासाठी, तर अधिवासासाठी. तोही मुळात एकच आहे म्हणतात! प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली आणि पुन्हा तन्वी बहल खटल्यात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की या देशात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतोच. मी तो निकाल छापून दुकानात लावावा म्हणत होतो. पण समोरच्या कचेरीतून रोज जो दाखला निघतो त्याच्या डोक्यावरच 'अधिवास' लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. धंद्यावर पाय कोण देईल?

पंधरा वर्षं कुठून आली म्हणाल तर हा आकडा आमच्या जिल्ह्याला जुना. निजामाच्या राज्यात नोकरी पाहिजे तर 'मुल्की' असावं लागे, आणि १९१९ च्या नियमाप्रमाणे बाहेरच्यानं मुल्की व्हायचं तर पंधरा वर्षं कायम राहून, परत जायचा विचार सोडला आहे असं शपथेवर सांगावं लागे. निजाम गेला, पंधरा वर्षं राहिली. तेव्हा आष्टीचा माणूस नगरला माल घेऊन निघाला की वाटेत करोडगिरीचा नाका, खिशातला हाली शिक्का पलीकडं बदलून घ्यायचा. आता त्या रस्त्यावर चहाला सुद्धा कुणी थांबत नाही. माझे आजोबा निजामाचे रयत म्हणून जन्मले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतातल्या हैदराबाद राज्याचे झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. म्हातारा ओट्यावरून उठला नव्हता. एवढी राज्यं बदलली, त्याला कुणी ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं नाही. आणि आता २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयापासून त्या बुडालेल्या राज्याचं गॅझेट आमच्या तहसिलीत पुन्हा वर आलंय. लोक पणजोबांची कुणबी नोंद शोधत माझ्याकडं येतात. आपण सामान्यतः किती साली राहता, हेही एकदा कळवा.

राज्य बदलणं सगळ्यांनाच जड जातं असं नाही. माझा भाचा बेंगळुरूला कंपनीत आहे. त्याचा व्यवसायकर पुण्यात कापत होते, आता तिकडं कापतात. राज्यघटनेनं वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे, त्यामुळं गडी कुठंही गेला तरी त्याहून जास्त नाही. (हा कर महाराष्ट्रानं १९७५ मध्ये आणला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर, रोजगार हमीला पैसा उभा करायला. पगारदारानं द्यायचा, म्हणजे खडी फोडणाऱ्याला गावातच काम मिळेल आणि त्याला घर सोडावं लागणार नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग कोयते अजून जातात कसे?" शहाणा आहे पोरगा.) त्याच्या एमएच-२३ गाडीला बारा महिने मुदत होती. मग बीडच्या आरटीओची ना-हरकत, कर्नाटकाचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि इकडच्या उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. तोही मीच भरला. पुढची गाडी तो बीएच नंबरची घेणार आहे. २०२१ पासून ही सोय आहे: सरकारी नोकर, किंवा ज्यांच्या कंपनीच्या कचेऱ्या चार राज्यांत आहेत असे लोक. कुठंही जा, नंबर तोच. आमच्या मुकादमानं विचारलं, "आपल्याला बसंल का?" मी म्हणालो, दोन राज्यांत कोप्या आहेत, आणखी दोन राज्यांत घाला, मग बघू.

कोयत्यासाठी कायदाच नाही असंही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. ठेकेदारानं फोटोचं पासबुक द्यायचं, तेही कामगाराच्या भाषेत; जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा; आणि विस्थापन भत्ता म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. कारखाना म्हणतो माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो मी पण उचल घेतलेला, आणि पासबुक म्हणून माझ्या दुकानात आजवर जे आलं ते बँकेचं. २१ नोव्हेंबर २०२५ ला तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरघळला. पंचाहत्तर रुपयांसकट.

तर एक विनंती. यंदा दसऱ्याला आमच्याकडं या. टोळीत जागा आहे; सौभाग्यवतींना आणलंत तर पूर्ण कोयता, एकटे आलात तर अर्धा धरतील आणि उचल निम्मी मिळेल. लाइट बिल, घरपट्टी, टीसी सगळं घेऊन या, मी झेरॉक्स काढून ठेवीन, आपल्या माघारी लागतील. पट्टा पडला की परत आल्यावर आपली ई-केवायसी फुकट करून देतो. अंगठा लागला तर.

कळावे,
आपला,
अर्जवाला
तहसील कचेरीसमोर, जि. बीड