तालमीला जागा द्या

एका तासात वारली शिकता येत नाही. तरीही कुठल्याही शहरी कला महोत्सवाचं वेळापत्रक उघडा, त्यात 'वारली चित्रकला कार्यशाळा, अवधी एक तास' ही ओळ बहुतेक सापडतेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला, वर ठिपका दिला की डोकं झालं, बाजूला एक ताडाचं झाड. मुलं कापडी पिशवी रंगवतात, आईवडील फोटो काढतात, पुढची तुकडी आत येते. मुलं आनंदात असतात आणि ते पाहून मलाही आनंद होतो. पण त्या तासाभरात, वारली जिथून आली त्या डहाणूचं नाव निघालं का, हे घरी जाताना त्यांना विचारून बघा.

वारली चित्र मुळात लग्नघरच्या भिंतीवर निघतं. सारवलेली, गेरूने लाल केलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. सवाशिणी चौक, म्हणजे देवतेभोवतीची चौकोनी नक्षी, काढतात. मोठ्या चौकात पालघाट देवी बसते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौक निघाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. हे काम बायकांचं होतं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी काडी हातात घेतली आणि लग्न नसतानाही रोज चित्रं काढायला सुरुवात केली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले, त्यांनी चित्रं कागदावर आणायला मदत केली, आणि त्याच दशकात म्हसे यांची चित्रं मुंबईत काळा घोड्याला लागली, जहांगीर कलादालनाच्या माडीवर तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

म्हणजे वारली चित्राचा आणि काळा घोड्याचा संबंध पन्नास वर्षांचा आहे. महोत्सव भरवणाऱ्यांनो, त्या संबंधाला शोभेल असं वागा. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. चर्चगेटला उतरलं की काळा घोडा चालत गाठता येतो. डहाणूच्या, तलासरीच्या, जव्हारच्या बायकांना शिकवायला बोलवा. त्यांच्या राहण्याची सोय करा, फलकावर त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा, पैसे त्याच दिवशी हातात द्या. कार्यशाळा तीन दिवसांची करा. पहिल्या दिवशी रंगाला हात लावू देऊ नका. भिंत कशी सारवायची ते शिकवा, गाणी ऐकवा, देवीच्या चौकात काय काय येतं आणि का येतं ते सांगा. मुलं कंटाळतील असं वाटतं? शेणामातीत हात घालायला मिळालं तर शहरातलं पोर कंटाळत नाही.

काळा घोडा कला महोत्सवाचंच नाव घेतोय, कारण मुंबईकराला 'महोत्सव' म्हटलं की पहिल्यांदा तोच आठवतो. १९९९ साली सुरू झालेला हा उत्सव साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो. रॅम्पार्ट रो गाड्यांना बंद होतो आणि माणसांना मोकळा मिळतो. नृत्य, संगीत, नाटक, सिनेमा, साहित्य, मुलांचे कार्यक्रम, जुन्या इमारतींच्या फेऱ्या, सगळं तिकिटाशिवाय. विरारहून आणि कल्याणहून माणसं येतात, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत बसून लेखकांना ऐकतात, एशियाटिकच्या पायऱ्यांचं नाव पहिल्यांदा ऐकतात. एरवी या भागात फक्त कचेरीच्या कामाला येणारा माणूस इथे आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरतो, हे मी मोलाचं मानतो. ज्या पुतळ्यावरून जागेला नाव पडलं तो राजा एडवर्डचा घोडा १९६५ साली हलवला, आज तो राणीच्या बागेत आहे. २०१७ साली स्वार नसलेला नवा घोडा उभा राहिला. बिनस्वाराचा घोडा मला जास्त आवडतो.

तर हा महोत्सव हवा. वाढायलाही हवा. माझं म्हणणं त्या मंचावर चढणाऱ्या माणसाबद्दल आहे, आणि ते मुंबईपुरतं नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे, जिथे जिथे 'स्थानिक कलावंतांना व्यासपीठ' असे शब्द छापले जातात, तिथल्या सगळ्यांना ते लागू आहे.

वीस मिनिटांचं समूहनृत्य घ्या. आठ मुली. सगळ्या नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या. दोन महिने तालीम. ती होते कुठे? कुणाच्या तरी गच्चीवर, जिथे रात्री दहा वाजता रखवालदार दिवे बंद करतो. सोसायटीच्या सभागृहात, जिथे घुंगरांचा आवाज होतो म्हणून खालच्या मजल्यावरून निरोप येतो. तासावर भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओत, जिथे दोन महिन्यांचं भाडं मानधनाच्या कुठल्याही पाकिटातून भरून निघत नाही. मग पोशाख, रंगभूषा, पखवाज आणि हार्मोनियम न्यायला टॅक्सी. रात्री कार्यक्रम संपल्यावर शेवटची लोकल गाठायची धावपळ वेगळीच.

या मुलींना आयोजक काय सांगतात? 'तुमची ओळख होईल.' ओळखीवर लोकलचा पास निघत नाही. मांडववाल्याला कुणी ओळखीचं आमिष दाखवत नाही. ध्वनीवाला, प्रकाशवाला, जनरेटरवाला, फ्लेक्स छापणारा, सगळ्यांचा दर आधी ठरतो आणि आगाऊ रक्कम पोचते. ज्या माणसासाठी मांडव घातला त्याच्याबद्दल मात्र 'मानधनाचं नंतर बघू' असं बोललं जातं. हे अपमानास्पद आहे. ते सौजन्याने बोललं जातं म्हणून त्यातला अपमान कमी होत नाही.

आणि वेळ. मी गावोगावच्या महोत्सवांत हे पाहिलं आहे: उद्घाटनाला पाहुणे उशिरा येतात, सत्कार सुरू होतात, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पुन्हा शाल. सातचा कार्यक्रम आठला सुरू होतो. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. मग कात्री कुणावर चालते? विंगेत दोन तास पोशाख घालून उभ्या असलेल्या शेवटच्या गटाला चिठ्ठी येते, 'दोन गाणी कमी करा.' दोन महिन्यांच्या तालमीतली दोन गाणी. शालीचा एक फेरा कमी करा, असं पाहुण्याला कुणी सांगत नाही. सांगायला हवं. उद्घाटनाला दहा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही, असा नियम एका तरी शहराने करून दाखवावा.

लोककलावंतांचं तर याहून कठीण. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी नमन, जाखडी, दशावतार इथे आणले. गिरणीत पाळी करून रात्री ही माणसं देव व्हायची, राक्षस व्हायची, गणपती व्हायची. आज त्यांची मुलं-नातवंडं कुठे सुरक्षारक्षक आहेत, कुठे रिक्षा चालवतात, आणि रविवारी चेहऱ्याला रंग लावतात. परळचं दामोदर नाट्यगृह हे त्यांचं हक्काचं ठिकाण. १९२२ सालचं ते नाट्यगृह २०२३च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि हेच कलावंत आंदोलनाला उभे राहिले. मोठ्या नटाला शहरात दुसरं नाट्यगृह मिळतं. नमन मंडळाला परवडणारं नाट्यगृह एकदा गेलं की त्याच्या हंगामाचं सगळं गणितच जातं.

शाहिरांना मिळणारी वागणूक आठवली की तर मला राग येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच माणसांनी डफ आणि तुणतुण्यावर लाखालाखाच्या सभा धरून ठेवल्या. त्या लढ्याची आठवण सांगणारा हुतात्मा चौक काळा घोड्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. या परिसरातल्या महोत्सवात शाहिरीला संध्याकाळची मुख्य वेळ द्यायला हवी, दुपारच्या उन्हातली नव्हे. मुख्य मंच, चांगला ध्वनी, पाऊण तास. शाहिराला माईक नीट लावून द्या आणि मग गर्दी कुठे वळते ते बघा.

जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवरही बघा. तिथे चित्रकार बारा महिने बसतात. आत प्रदर्शन लावायचं तर नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून बाहेर. कुणी समोर बसवून पंधरा मिनिटांत तुमचा चेहरा काढून देतो, कुणी निसर्गचित्रं मांडून ठेवतो. पाऊस आला की प्लास्टिक ओढायचं. जवळच तेव्हा असलेल्या वेसाइड इन उपाहारगृहात खिडकीशी बसून कवी अरुण कोलटकरांनी याच तिठ्यावरची माणसं आणि कुत्री पाहिली. झाडूवाल्या, इडलीवाली, उकिरड्यावर जगणारी माणसं त्यांच्या २००४च्या काळा घोड्यावरच्या इंग्रजी कवितांत आली. ज्या परिसराची कविता फुटपाथवरून लिहिली गेली, त्या परिसराच्या उत्सवाने फुटपाथवरच्या चित्रकाराला पहिल्या पानावर घ्यावं. नऊ दिवस त्याच्याकडून चेहरे काढून घेण्यासाठी महोत्सवानेच रोजचं मानधन द्यावं आणि लोकांना चित्रं फुकट मिळू द्यावीत. एवढी साधी गोष्ट आहे.

आता जमेची बाजू, कारण ती माझ्या मुद्द्याला बळ देते. महोत्सव भरवणाऱ्या काळा घोडा असोसिएशनने या भागातल्या वारशाची खरोखर काळजी घेतली आहे. फोर्टमधला बोमनजी होरमसजी वाडिया क्लॉक टॉवर, एकोणिसाव्या शतकातला, धुळीने आणि फलकांनी झाकून गेलेला, त्यांनी दुरुस्त करून घेतला. २०१७ साली तो पुन्हा लखलखला. त्यासाठी वास्तुविशारद आले, कारागीर आले, परवानग्यांचे कागद फिरले, पैसा उभा राहिला. म्हणजे ठरवलं की जमतं. दगडासाठी जे केलं ते गळ्यासाठी आणि पायांसाठी करा.

आणि त्यासाठी आधी जागा द्या, कारण मुंबईत कला वाढली ती मुख्यतः स्वस्त जागांमुळे. वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये १९५०-६०च्या दशकांत कलावंतांना नाममात्र भाड्यात काम करायला खोल्या मिळायच्या. चित्रकार गायतोंडे तिथे रंगवत होते, हुसेन तिथे होते, नाटकाच्या तालमी तिथे होत होत्या, रविशंकर तिथे शिकवत होते. एकाच जिन्यावर चित्रकार आणि सतारिया भेटत होते. पुढे १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला मिळालं. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी तिथे राबली. नाट्यगृहाची कुठलीही चैन नव्हती. शाळेचा हॉल, खुर्च्या, थोडे दिवे. पण तो नियमित मिळत होता, परवडत होता, आणि प्रयोग पडला तरी कुणी बुडत नव्हतं. म्हणून माणसं धाडस करू शकली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांची नाटकं तिथे झाली. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक अख्खा काळ एका शाळेच्या हॉलच्या नावाने ओळखला जातो. 'आविष्कार' नंतर गेली तीही माहीमच्या महापालिका शाळेत.

उत्तर तेव्हाही शाळा होती, आजही शाळाच आहे. मुंबई महापालिकेच्या शेकडो शाळा इमारती आहेत. संध्याकाळी सहानंतर बहुतेकांना कुलूप. मराठी माध्यमाचे कितीतरी वर्ग तर दिवसाही रिकामे पडत चालले आहेत, त्याचं दुःख वेगळं आणि मोठं. प्रत्येक वॉर्डात निदान एका शाळेचा हॉल रोज सहा ते दहा कलावंतांसाठी उघडा ठेवायला काय लागतं? एक शिपाई, त्याचा जादा पगार, विजेचं बिल, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मुलींना रात्री सुरक्षित बाहेर पडता येईल असा उजेड असलेला रस्ता. महोत्सवाच्या प्रायोजकांना प्रवेशकमानीवर नाव हवं असतं. तेच नाव वर्षभर या हॉलच्या दारावर लावू द्या, माझी काही हरकत नाही. बँकेचं असो, बिल्डरचं असो. हॉल उघडा असला की झालं.

पैशाच्या बाबतीत महोत्सवांनी चार गोष्टी लेखी द्याव्यात. मानधन किती, ते गटाला की माणसागणिक, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, आणि कार्यक्रमानंतर किती दिवसांत खात्यात जमा होणार. सरकारी आणि पालिकेच्या महोत्सवांना हे आणखी लागू, कारण तिथे बिल महिनोन्‌महिने टेबलांवर फिरतं आणि कलावंताला सही मागायला कामावर रजा टाकून जावं लागतं. मंच रिकामा असताना ध्वनितपासणीला प्रत्येक गटाला ठरलेली वेळ द्या. कपडे बदलायला बंद होणारं दार असलेली खोली द्या. पाणी आणि जेवण द्या. हे लिहावं लागतं याची खंत आहे, पण अनेक ठिकाणी हे मिळत नाही म्हणून लिहितो.

पुढच्या महोत्सवाची पत्रकार परिषद होईल तेव्हा प्रमुख आकर्षणांची यादी वाटली जाईल. ती जरूर वाटा. तिच्याबरोबर आणखी एक कागद द्या. त्यावर असू द्या: कुठल्या वॉर्डात कुठल्या शाळेचा हॉल, कुठल्या वारी, किती ते किती, किल्ली कुणाकडे, आणि त्या माणसाचा फोन नंबर.