सतरंजी नसलेली निवडणूक

परवा जालना जिल्ह्यातल्या हसनाबादच्या टपरीवर एक आंतरराष्ट्रीय भांडण झालं. आबांचा पुतण्या न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि सध्या सुट्टीवर आलाय. चहा घेता घेता तो सहज बोलून गेला, की 2024 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपण चार शनिवार प्रचार केला. न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो म्हणून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जाऊन, दारोदार.

आता आबा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आबांनी चाळीस वर्षं सतरंज्या उचलल्या आहेत. कुठल्या पक्षाच्या, असं विचारू नका; सभा संपल्यावर अंधारात सगळ्या सतरंज्या सारख्याच दिसतात. राजूरच्या गणपतीला उमेदवाराचा नारळ फुटला की आबा घराबाहेर पडतात, ते गुलाल धुवायलाच परत येतात. तेव्हा प्रचार हा त्यांचा विषय. त्यांनी चौकशी सुरू केली.

"गाडी कुणाची होती?"

"आमचीच. चौघांनी मिळून पेट्रोल टाकलं."

"अन् जेवण?"

"घरून डबा नेला होता."

"हजेरी किती पडली मंग?"

"काहीच नाही, आबा. उलट आमच्या गाडीतल्या एका बाईंनी उमेदवाराला पंचवीस डॉलर दिले."

आबांनी कप खाली ठेवला. "उमेदवाराला दिले? उमेदवारानं नाही दिले?"

"उमेदवाराला दिले."

"मंग पडणारच की."

पुतण्या गप्प बसला. त्याच्या उमेदवार कमला हॅरिस, आणि त्या खरंच पडल्या होत्या. आबांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला अमेरिकेनंही दुजोरा दिला म्हटल्यावर बोलायला जागाच उरली नाही.

पुतण्यानं स्वतः मात्र एक डॉलरही दिला नव्हता. चिक्कूपणा नव्हे, तिकडचा कायदाच तसा. नागरिक असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तरच देणगी देता येते. कामाच्या व्हिसावर गेलेल्यानं फुकट राबावं, दारं वाजवावीत, फोन करावेत, पण खिशात हात घालू नये. आपल्याकडं फुकट राबणारा दिसला की त्याच्याच खिशात काय आहे ते लोक आधी बघतात. कुणाचा तरी माणूस असणार, म्हणतात.

तिकडं थेंबाथेंबानं तळं भरायचं वेड जुनं आहे. 2016 साली बर्नी सँडर्स नावाचे म्हातारे उमेदवार सभेसभेत सांगत फिरत, की आपल्याला येणारी देणगी सरासरी 27 डॉलरची आहे. समोरची गर्दी तो आकडा त्यांच्याबरोबर ओरडायची. सँडर्सना पक्षाची उमेदवारी काही मिळाली नाही, ते वेगळं. एखाद्यानं एकूण 200 डॉलरच्या वर दिले, की त्याचं नाव, पत्ता आणि तो कुठं नोकरी करतो हे सगळं सरकारदरबारी लिहून द्यावं लागतं. ते ऐकून टपरीवरचे दोघेजण उगाचच रुमालानं घाम पुसायला लागले. आपल्याकडं वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला कळवावं लागत नाही. वीस हजारांच्या वरच्यांची नावं झाकायला 2018 मध्ये निवडणूक रोखे काढले होते. ते सुप्रीम कोर्टानं 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवले. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं 95 लाखांपर्यंत खर्च करता येतो, हेही मी आबांना सांगितलं. आबांनी निरागसपणे विचारलं, "तालुक्याला?"

तेवढ्यात टपरीवाल्यानं गाळणी झटकत प्रश्न टाकला. "काहो, आपल्याकडं पण राष्ट्रपती असतोच की. मंग त्याचा उमेदवार हसनाबादला काहून येत नाही?"

टपरीवर इतकी शांतता मी याआधी फक्त मतमोजणीच्या दिवशी अनुभवली आहे.

येत नाही, कारण त्याला आपल्याकडं काही काम नाही. राष्ट्रपती निवडायचा तो खासदारांनी आणि आमदारांनी. आपण त्या निवडणुकीत आहोत, पण संख्येच्या रूपात आहोत. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, वर पुन्हा हजारानं भागायचं. महाराष्ट्रासाठी उत्तर येतं 175. एका आमदाराच्या एका मताचं मोल एवढं. म्हणजे हजार माणसं एका पोत्यात भरायची, त्या पोत्याचं एक मत, आणि अशी पावणेदोनशे पोती पाठीवर घेऊन आमदारसाहेब विधान भवनाची पायरी चढतात. यातली खरी गंमत लोकसंख्येत आहे. ती 1971 च्या जनगणनेची धरतात. घटनादुरुस्ती करून तो आकडा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवलाय. मी 1971 नंतर जन्मलो. म्हणजे गावच्या रेशनकार्डात मी आहे, पाणीपट्टीच्या थकबाकीत आहे, पण राष्ट्रपती निवडताना मी अजून जन्मलेलोच नाही. आबा जन्मलेले आहेत. तेव्हापासून ते माझ्याकडं जरा वरूनच बघतात.

या निवडणुकीत कार्यकर्त्याला कामच नाही. सभा नाही, स्पीकर नाही, सतरंजी नाही. पक्षाला व्हिप काढता येत नाही. आमदाराला गुलाबी मतपत्रिका आणि खासदाराला हिरवी, आणि 2017 पासून निवडणूक आयोगानं दिलेलं जांभळ्या शाईचं पेन. स्वतःचं पेन चालत नाही. या सगळ्यात सन्मान एकाच कार्यकर्त्याला आहे, तो म्हणजे मतपेटीला. 2022 मध्ये राज्याराज्यांतून दिल्लीला जाणाऱ्या मतपेट्यांसाठी विमानात वेगळी सीट काढली होती आणि तिकिटावर नाव होतं मिस्टर बॅलट बॉक्स. इथं जालन्याची म्हणून सुरू झालेली वंदे भारत आता नांदेडहून भरून येते, आणि तिथं पेटी खिडकीशी बसून ढग बघत जाते. चाळीस वर्षांत आबांना कुणी 'मिस्टर' म्हटलेलं नाही.

तरी हौशी माणसाला कोण अडवणार? 1952 च्या पहिल्याच निवडणुकीत राजेंद्रप्रसादांच्या विरोधात लक्ष्मण गणेश थत्ते नावाचे एक उमेदवार होते. नाव वाचल्यावर त्यांची मातृभाषा वेगळी सांगायला नको. राजेंद्रबाबूंना 5,07,400 आणि थत्त्यांना 2,672. चौधरी हरी राम म्हणून एक होते. 1952, 1957, 1962 अशा ओळीनं तीन निवडणुकांना उभे राहिले आणि तिन्हींत पडले, तेही स्वखुशीनं. 1967 ला तर सतरा उमेदवार झाले, आणि त्यांतल्या नऊ जणांना शून्य मतं पडली. गावात शून्य मतं पडणाऱ्याला निदान बायकोवर संशय घेता येतो. इथं तीही सोय नाही, कारण घरात कुणाला मतच नसतं.

मग 1974 मध्ये दिल्लीनं दार जरा लोटून घेतलं: दहा सूचक, दहा अनुमोदक, अडीच हजार अनामत. 1997 मध्ये कडीच घातली: पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक, पंधरा हजार. हे शंभरही खासदार-आमदारच हवेत. पैसा काय, पंधरा हजार आजकाल म्हशीच्या पायालाही पुरत नाहीत. अडतंय ते शंभर सह्यांपाशी.

त्याच 1997 साली कोण उभं राहिलं? टी. एन. शेषन. मुख्य निवडणूक आयुक्त असताना ज्यांनी भिंती पुसायला लावल्या, रात्रीचे भोंगे बंद केले, उमेदवारांना हिशेब लिहायला बसवलं, आणि आमच्या आबांसारख्यांचा अर्धा हंगाम बुडवला, ते शेषन. पाठिंबा कुणाचा? शिवसेनेचा. के. आर. नारायणन यांच्यासमोर ते आपटले. पण मला कायम वाटत आलंय, की शेषन यांना मनापासून आवडावी अशी देशात ही एकच निवडणूक आहे. भिंत नाही, भोंगा नाही, आणि मतदार जमेल तेवढा थोडा. दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्याच शिवसेनेनं आपल्या आघाडीचे भैरोसिंह शेखावत सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, मराठी माणूस म्हणून. त्या वेळीही आबांनी गुलाल आणून ठेवला होता. उधळायचा कुणावर, ते कळेना. शेवटी पोळ्याला बैलांवर उधळला.

आमच्या लोकांना द्यायला येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अखंड हरिनाम सप्ताह बसू द्या. घरटी वर्गणी, ज्याला पैसा जमत नाही त्याचे गहू, ज्याचे गहू जमत नाहीत त्याचे पंगतीला वाढायचे हात. 2025 च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी मुंबईच्या आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि तिथं लोकांच्या जेवणाचे हाल सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या बायकांनी रातोरात भाकरी थापल्या आणि ठेच्यासकट टेम्पो मुंबईला लावले. आमचा भोकरदन तालुका मिरचीचा. ठेच्याला आम्ही कधी कमी पडत नाही. अमेरिकेतल्या निवडणूक सल्लागारांना तगडी फी देऊनही असली यंत्रणा एका रात्रीत उभी करता येणार नाही. 2024 च्या लोकसभेआधी तर याच आंदोलनातून मराठवाड्यात गावागणिक उमेदवार द्यायचे आणि त्यांची अनामत वर्गणीतून भरायची, अशीही भाषा झाली होती. तो बेत पुढं सोडून दिला, नाहीतर मतदान यंत्रं आणायला ट्रक लागले असते.

म्हणजे देवाला देतो, आंदोलनाला देतो. उमेदवार आला की मात्र हात उताणा होतो.

अपवाद आहे, तो कोल्हापूरकडचा. राजू शेट्टींनी ऊसवाल्या शेतकऱ्यांना सांगितलं: एक नोट, एक व्होट. लोकांनी दोन्ही दिलं. 2004 ला शिरोळमधून ते अपक्ष आमदार झाले, 2009 ला हातकणंगल्यातून खासदार, 2014 ला पुन्हा. गावसभेत दहा-दहाच्या, पन्नास-पन्नासच्या नोटा पुढं यायच्या. 2019 ला मात्र ते हरले, आणि 2024 ला परत हरले. ज्यानं नोट दिलेली असते तो पुढची पाच वर्षं साहेबांचं एकेक पाऊल मोजतो. कुणाबरोबर बसले, कुणाला सोडलं, कुणाला पुन्हा धरलं. ज्यानं घेतलेली असते, त्याला मोजायला तोंड नसतं. म्हणून शहाणे उमेदवार वाटतात, मागत नाहीत. वाटणं स्वस्त पडतं.

हे मी बोललो ते अभ्यास म्हणून. आबांनी ते मनावर घेतलं.

"आपुन उभं राहू," आबा म्हणाले. "राष्ट्रपतीला. वर्गणी काढून."

वय पस्तिशीच्या वर पाहिजे, ते आहे. लाभाचं पद नको, ते आबांना कधी कुणी दिलंच नाही. पात्रतेत कुठंही खोट नाही. सप्ताहाच्या पावतीपुस्तकात मागची चाळीस पानं कोरी होती, ती घेतली. पुतण्यानं हौसेनं पाचशे काढले. आबांनी त्याला कायदा विचारला. तो भारताचाच नागरिक निघाला, मग घेतले. टपरीवाल्यानं दहा रुपये दिले आणि पावती क्रमांक दोन फडक्यात गुंडाळून गल्ल्यात ठेवली.

दुपारी टपरीवाल्यानं विचारलं, एकूण किती जमले. चार वाजता विचारलं, पैसे ठेवलेत कुठं. पाच वाजता आबांनी पान खाल्लं, तर ते कुणाच्या पैशांचं, असं चारचौघांत विचारलं. दिवे लागणीला म्हणाला, निवडून आल्यावर दिल्लीला जाण्याआधी टपरीसमोरच्या गटारीवर फरशी टाकणार का, ते आत्ताच लिहून द्या.

रात्री आबा माझ्याकडं आले. चाळीस वर्षांत त्यांना इतकं थकलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "दहा रुपयांत दिवसभर उभा चिरला बघ मला. यापरीस त्याला पाचशे वाटले असते तर पाच वर्षं नमस्कार घातला असता त्यानं."

बेत मात्र सोडलेला नाही. पुढची निवडणूक 2027 च्या जुलैच्या सुमारास आहे. काल संध्याकाळपर्यंत जमा पाचशे सत्तर रुपये, खर्च एक पान. पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक कमी आहेत. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत सही करणारे आमदार-खासदार असतील, तर हसनाबादला टपरीवर निरोप ठेवावा. आणि आलात तर पानाबद्दल विचारू नका.