पांढरी एकचा सॅक्सोफोन

सॅक्सोफोनच्या घरात सी-मेलडी हा मधला मुलगा. ऑल्टोपेक्षा थोराड, टेनरपेक्षा किरकोळ, आणि घरच्या फोटोत हमखास कुणाच्या तरी खांद्यामागे. पेटीच्या भाषेत सांगायचं तर हा पांढरी एकचा गडी. कागदावरचा ‘सी’ ऑल्टोवर वाजवलात की निघते काळी दोन, टेनरवर काळी पाच. सी-मेलडीवर मात्र लिहिलंय तेच वाजतं. बहीण पियानोवर बसली असेल तर मागे उभं राहून तिच्याच वहीतलं खुशाल फुंकावं, पट्टी बदलायचं गणित नको. १९२० च्या दशकातल्या अमेरिकेला ही सोय भलतीच मानवली. रूडी वीडॉफ्टच्या तबकड्यांनी पोरांना सॅक्सोफोनचं खूळ लावलं आणि इंडियानातल्या एल्कहार्ट गावचे कॉन आणि ब्यूशर हे कारखाने चांदीचा मुलामा दिलेली, कर्ण्यावर नक्षी कोरलेली वाद्यं धडाधड विकू लागले. शेजाऱ्यांना कुणी विचारलं नसावं.

या वाद्यावर खरी हुकमत फ्रँकी ट्रम्बावरची. फेब्रुवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्कला ‘सिंगिन द ब्ल्यूज’ ध्वनिमुद्रित झालं, ते त्याच्याच ऑर्केस्ट्राच्या नावानं. आधी वाजतो तोच. सोबत एडी लँगची गिटार. घाई नाही, रडारड नाही. मग बिक्स बायडरबेक कॉर्नेट उचलतो आणि जाझच्या इतिहासकारांचं लक्ष जे तिकडे जातं, ते परत येत नाही. बिक्स थोर होताच. शिवाय अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, त्यामुळे दंतकथेलाही सोयीचा.

एड्रियन रोलिनीची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचा बास सॅक्सोफोन वादकालाच झाकून टाकील एवढा. मायक्रोफोन येण्यापूर्वी तबकडीवर तारांचा डबल बास धड उमटत नसे, हा धिप्पाड गडी उमटे. बँडचं नाव कॅलिफोर्निया रॅम्बलर्स, मुक्काम न्यूयॉर्क! वेगवेगळ्या कंपन्यांसाठी हीच मंडळी वेगवेगळ्या नावांनी वाजवत, आणि वादकांची नावं तबकडीवर सहसा नसतच. आपण कुणाच्या तालावर नाचलो, हे नाचणाऱ्यांच्या गावीही नसे. (‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, हे आपण तरी कुठे वेळेवर विचारलं?)

पुढे मंदी आली, हौस फिरली, सी-मेलडी पलंगाखाली गेला. आजही जुन्या वाद्यांच्या बाजारात तो ऑल्टो-टेनरच्या मानानं स्वस्तात मिळतो. पण लेस्टर यंगच्या टेनरचा जो हलका, तरंगता सूर जगानं डोक्यावर घेतला, त्याचं मूळ यंगनं स्वतःच सांगून ठेवलंय: ट्रम्बावरच्या तबकड्या ऐकून तो टेनरमधून सी-मेलडीचा आवाज काढू बघत होता. ट्रम्बावर मात्र पुढे बँड सोडून विमानांकडे वळला आणि महायुद्धात चाचणी-वैमानिक झाला. नव्याकोऱ्या बॉम्बर विमानांचा भरवसा त्याला नाचाच्या बँडपेक्षा जास्त वाटला असावा.