माशांचाही यूव्ही

बदलापूरच्या आमच्या घरात अतिनील किरणांचा पहिला मान मिळाला स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरला आणि दुसरा निऑन टेट्रांना. सासूबाई म्हणाल्या, "माणसांच्या पाण्याला दिवा, माशांच्या पाण्याला दिवा, आणि जिन्यात मात्र अंधार!"

पण इलाज नव्हता. नळाला येतं ते बॅरेजवर शुद्ध झालेलं उल्हास नदीचं पाणी. आमच्या प्लांटेड टँकमध्ये त्यावर पश्चिमेचं ऊन, माशांची घाण आणि झाडांचं खत यांचा अभिषेक झाला आणि ते तरंगत्या शेवाळाने पोपटी झालं. मासे जिवंत आहेत का, हे खाणं टाकून पाहावं लागे.

दिवा आणायला उल्हासनगर गाठलं. तिथलं 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद या बाजूच्या मुलांना बाळघुटीतच पाजतात. या खोक्यावर मात्र सरळ 'मेड इन चायना' लिहिलेलं. एवढा प्रामाणिकपणा पाहून घासाघीस करवेना.

आत क्वार्ट्झची नळी, तिच्यात पाऱ्याचा दिवा. त्याचे २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण शेवाळाच्या पेशीचा डीएनए असा बिघडवतात की तिचा वंशच खुंटतो. पण हा दिवा म्हणजे अंबरनाथ स्टेशनच्या पुलावरचा टीसी. समोरून जाईल त्यालाच धरणार, आणि लोंढा आला की त्याचेही हात थिटे. म्हणून पाणी धीमंच सोडायचं. काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर ठाण मांडलेलं शेवाळ पुलावर येतच नाही, त्यामुळे ते निवांत. फिल्टरच्या स्पंजातले उपकारक जिवाणूही तसेच सुखरूप, हे आपलं नशीब.

काही दिवसांत पाणी निवळलं. मेली म्हणून जिच्यासाठी हळहळलो होतो ती गोगलगाय सहकुटुंब दिसू लागली. काचेवरचं शेवाळही आता पाहुण्यांना स्पष्ट दिसतं.

शिवाय झाडांच्या द्रवखतातलं चिलेटेड लोह या किरणांनी तुटतं. म्हणजे खत आपणच घालायचं आणि आपणच मोडायचं! त्यामुळे खताच्या दिवशी दिवा बंद. माशांना औषध दिलं तरी तेच.

निळा उजेड दिसतो म्हणून दिवा चालतोय, असं समजू नका. साधारण वर्षभरात त्याचे किरण क्षीण होतात, उजेड तसाच राहतो. तेव्हा दिवा वेळेवर बदला आणि उघडा पेटवून त्याच्याकडे कधीही पाहू नका, डोळ्यांना इजा होईल. आणि हा खर्च करण्याआधी माशांचं खाणं कमी करा, खिडकीला एक जाड पडदा लावा.